हरलेला सामना आणि चुकलेला फटका



आपला संघ कसोटी सामना हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावोगाव एक न्यायालय भरते. चहाच्या दुकानात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या शिक्षक-खोलीत, जेथे चार माणसे जमतात तेथे एक आरोपी उभा केला जातो. आरोपही बहुधा ठरलेला असतो : “असला फटका मारायची काय गरज होती?” मुंबईच्या शिवाजी पार्कावर हा प्रश्न जेवढ्या तावातावाने विचारतात, तेवढ्याच तावातावाने तो आमच्या निमाडात, असीरगडाच्या पायथ्याच्या गावांतूनही विचारला जातो. आरोपी बहुधा एखादा तरुण फलंदाज असतो, आणि त्याची बाजू मांडायला तेथे कोणीही हजर नसते.

प्रश्न योग्य आहे. परंतु तो प्रश्न म्हणून क्वचितच विचारला जातो. शिक्षा म्हणूनच उच्चारला जातो. ज्या फटक्याने फलंदाज बाद झाला तो फटका बेजबाबदार, आणि ज्याला षटकार मिळाला तो धाडसी, अशी आपली सोपी वाटणी असते. वस्तुतः फलंदाज तोच असतो, फटका तोच असतो, कित्येकदा गोलंदाजही त्याच जातीचा असतो. मग धाडस कोठे संपते आणि अविचार कोठे सुरू होतो, हे ओळखावे कसे? आजच्या भाषणात ह्याच एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे पाहू की फलंदाज फटका निवडतो म्हणजे काय करतो. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू त्याच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापाशी पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू सावकाश येतो, तरी त्यालाही एक सेकंद लागत नाही. एवढ्या वेळात कोणी गुणदोषांचा विचार करू शकत नाही. जो विचार व्हायचा तो त्याच्या आधी होऊन गेलेला असतो. थोडा सरावाच्या जाळ्यात वर्षानुवर्षे होतो. थोडा दोन चेंडूंच्या मध्ये होतो, जेव्हा फलंदाज बॅट टेकून चहूकडे नजर फिरवतो, क्षेत्ररक्षक कोठे कोठे उभे आहेत ते पाहतो, आणि मनाशी एक कल ठरवतो. “आता जमिनीलगत खेळायचे,” किंवा “आता हा चेंडू टप्प्यात आला तर उंच उचलायचा.” चेंडू आल्यावर शरीर तेवढे त्या कलाप्रमाणे हलते. म्हणून फलंदाजाला दोष द्यायचाच असेल तर तो ह्या आधीच्या ठरवण्याला द्यावा लागतो. बॅटची कड लागणे, वाऱ्याने चेंडू चार हात आत राहणे, सीमारेषेवरच्या खेळाडूने अवघड झेल घेणे, ह्या गोष्टी त्याच्या हातच्या नसतात.

आता थोडे गणित करू. समजा, एका फलंदाजाला एक अवघड फटका उत्तम साधतो. दहापैकी नऊ वेळा तो नीट बसतो. ऐकताना वाटते, हा तर खात्रीचा फटका झाला. पण तोच फटका तो एका डावात पाच वेळा खेळला, तर पाचही वेळा सुखरूप राहण्याची शक्यता शंभरात एकोणसाठच उरते. सात वेळा खेळला तर तो बाद होण्याचीच शक्यता निम्म्याहून अधिक होते. म्हणजे असा फटका धान्याच्या कोठारासारखा नसून तिजोरीतल्या मोजक्या नाण्यांसारखा आहे. तो खर्चायचा, पण मोजून, आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळणार हे पाहून.

मोबदला काय, हे खेळाच्या प्रकारावर आणि घटकेवर अवलंबून असते. मर्यादित षटकांच्या सामन्यात चेंडू मोजके असतात. एखादा गडी गमावून वीस धावा मिळाल्या तर सौदा फायद्याचा ठरू शकतो. कसोटी सामना पाच दिवसांचा असतो. तेथे चेंडूंचा तुटवडा नसतो, तुटवडा असतो तो फलंदाजांचा. आणि शेवटच्या दिवशी तर एक तिसरीच वस्तू मोलाची होते : वेळ. जो संघ जिंकण्याच्या पलीकडे गेला आहे पण अजून हरलेला नाही, त्याला धावांची फारशी गरज नसते. त्याला फक्त संध्याकाळ गाठावयाची असते.

ह्याचे आपल्याकडील सर्वांत गाजलेले उदाहरण डिसेंबर १९८४ मधले, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावरचे आहे. इंग्लंडचा संघ भारतात आलेला होता. मुंबईचा पहिला कसोटी सामना भारताने आठ गडी राखून जिंकला होता. लक्ष्मण शिवरामकृष्णन ह्या कोवळ्या फिरकी गोलंदाजाने त्यात बारा बळी घेतले होते. दिल्लीला भारताने पहिल्या डावात ३०७ धावा केल्या, इंग्लंडने ४१८ धावांचे उत्तर दिले. शेवटच्या दिवशी, १७ डिसेंबरला, भारताचा दुसरा डाव चालू होता. कर्णधार सुनील गावसकर यांनी ६५ धावा केल्या, संदीप पाटील यांनी ४१. धावसंख्या दोनशेच्या पुढे गेली, केवळ चारच गडी बाद झाले होते, आणि सामना अनिर्णित राहणार असे सर्वांस वाटू लागले.

आणि तेथूनच डाव ढासळला. फिल एडमंड्स ह्या फिरकी गोलंदाजाला उंच मारण्याच्या प्रयत्नात पाटील झेल देऊन परतले. पाठोपाठ आलेल्या कपिल देव यांनी पॅट पोकॉकला षटकार मारला आणि लगेच तसाच दुसरा मोठा फटका मारावयास जाऊन तेही झेलबाद झाले. त्यांच्या नावावर सात धावा होत्या. बघता बघता सारा संघ २३५ धावांत संपला. इंग्लंडला १२५ धावांचे लक्ष्य आणि ते गाठण्यापुरता वेळ, दोन्ही मिळाले. त्यांनी दोनच गडी गमावून १२७ धावा केल्या आणि सामना आठ गडी राखून जिंकला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारत आणखी एखादा तास खेळता, तर त्याचा लाभ दुहेरी होता. प्रत्येक षटकासरशी इंग्लंडचा वेळ कमी झाला असता, आणि सहज मिळालेल्या प्रत्येक धावेने इंग्लंडचे लक्ष्य वाढले असते. उलट, षटकार बसला असता तरी त्याने भारताला सहा धावांपलीकडे काही मिळणार नव्हते. लाभ सहा धावांचा आणि धोका संपूर्ण सामन्याचा, असा तो सौदा होता. म्हणून दिल्लीचे ते फटके चुकीचे होते असे मी म्हणतो. ते फटके बसले असते आणि सामना वाचला असता, तरीही ते चुकीचेच ठरले असते.

आता त्याच कपिल देव यांचा दुसरा प्रसंग पाहा. जुलै १९९० मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडने ४ बाद ६५३ धावांवर डाव घोषित केला होता. ग्रॅहॅम गूच यांच्या एकट्याच्या ३३३ धावा होत्या. फॉलोऑन टाळण्यासाठी भारताला ४५४ धावा हव्या होत्या, आणि भारताची स्थिती ९ बाद ४३० अशी होती. चोवीस धावा कमी, आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा फलंदाज, आपल्या मध्य प्रदेशाचा लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणी. हिरवाणी गोलंदाज मोठे. पदार्पणाच्याच कसोटीत, जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला, त्यांनी वेस्ट इंडीजचे सोळा बळी घेतले होते. पण बॅट हाती घेतल्यावर त्यांचा भरवसा कोणी देत नसे.

एडी हेमिंग्ज हा फिरकी गोलंदाज षटक टाकत होता. पहिले दोन चेंडू कपिल यांनी शांतपणे अडवले. उरले चार चेंडू. एकेरी धाव घ्यावी तर हिरवाणी समोर येणार. धाव न घ्यावी तरी षटक संपताच पुढच्या षटकात हिरवाणीच समोर येणार. चार चेंडूंत चोवीस धावा करण्याचा एकच मार्ग असतो. कपिल देव यांनी त्या चारही चेंडूंवर समोरच्या दिशेने चार षटकार मारले आणि फॉलोऑन टळला. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर अँगस फ्रेझरने हिरवाणींना पायचीत केले. कपिल यांचे गणित किती अचूक होते, हे त्या एका चेंडूने सिद्ध केले.

भारत तो सामना पुढे २४७ धावांनी हरला. म्हणजे त्या चार षटकारांनी पराभव टळला नाही. तरीही आज इतक्या वर्षांनी त्यांना कोणी बेजबाबदार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. दिल्लीच्या आणि लॉर्ड्सच्या फटक्यांत मनगटाचा फरक नव्हता, छातीचाही नव्हता. फरक होता तो गरजेचा. लॉर्ड्सला सावधपणाचे सर्व मार्ग बंद झाले होते. दिल्लीला ते सर्व उघडे होते.

आम्हां बुऱ्हाणपूर भागातल्या लोकांना ही गोष्ट समजावून घेण्यास फार दूर जावे लागत नाही. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून असीरगड उभा आहे. ‘दख्खनचा दरवाजा’ असे त्याचे जुने नाव. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेला हा गड मागे ठेवून पुढे जाणे धोक्याचे असे. फारुकी घराण्याचा शेवटचा राजा बहादूरशहा ह्या गडावर असताना अकबर बादशहाने त्याला वेढा घातला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला. परंतु तट चढून कोणी तो जिंकला नाही. गडावर तोफा होत्या, धान्य होते, पाण्याचे तलाव होते. मोगल सैन्याचा जोर महिनोन् महिने त्या तटांवर वाया गेला. गड पडला तो वाटाघाटी, आतली फितुरी आणि रोगराई ह्यांच्यामुळे, असे इतिहासकार सांगतात.

गड राखणाऱ्याचे शास्त्र साधे आहे. कोठार भरलेले आहे, पाणी आहे, आणि पावसाळा जवळ आल्यामुळे वेढा घालणाऱ्यालाच परतण्याची घाई आहे, अशा वेळी दरवाजा उघडून बाहेर पडणारा किल्लेदार शूर असेल, पण शहाणा नव्हे. कोठार रिते झाले, बाहेरून मदत येण्याची आशा संपली, तर मात्र दार उघडून निकराचा हल्ला करणे हेच शहाणपण. आत बसून राहणे तेव्हा भ्याडपणाचे ठरते. दिल्लीला कोठार भरलेले असता दार उघडले गेले. लॉर्ड्सला कोठारात अखेरची मूठ उरली होती, तेव्हा ते उघडले गेले. बचाव आणि हल्ला ह्यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. दोन्ही किल्लेदाराचीच कामे आहेत. प्रश्न वेळेचा आहे.

ह्या विवेचनावरून कोणत्याही फटक्याचा न्याय करताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला : त्या घटकेला संघाची गरज काय होती; धावांची, वेळेची, की नुसते टिकून राहण्याची? दुसरा : प्रतिपक्षाने क्षेत्ररक्षक कोठे उभे केले होते, तो फटका चुकला तर झेल घ्यायला माणूस मुद्दाम ठेवला होता काय? तिसरा : तो फटका त्या फलंदाजाच्या हातचा होता काय, त्याने तो घोटवलेला होता, की त्या दिवशी मनात आले म्हणून खेळला? ह्या तीन प्रश्नांत ‘तो बाद झाला काय?’ हा प्रश्न नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल.

हे प्रश्न एका अलीकडच्या पराभवाला लावून पाहू. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४७४ धावा केल्या. उत्तरादाखल भारताचे निम्मे गडी परतले होते, आणि ऋषभ पंत २८ धावांवर खेळत होता. स्कॉट बोलंडच्या चेंडूवर खाली वाकून, चेंडू यष्टिरक्षकाच्या पाठीमागे उचलून देण्याचा त्याचा आवडता फटका त्याने खेळला. तो चुकला आणि चेंडू अंगावर बसला. पुढच्याच चेंडूवर त्याने पुन्हा तोच फटका काढला. ह्या वेळी चेंडू बॅटची कड घेऊन थर्ड मॅनच्या सीमारेषेकडे उडाला आणि नेथन लायनने झेल घेतला. भारत ६ बाद १९१. समालोचन करीत असलेल्या सुनील गावसकर यांनी त्या फटक्याची अतिशय कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीला कर्णधार म्हणून त्यांनी जे पाहिले होते, तेच ते पुन्हा पाहत होते असे म्हणण्यास हरकत नाही.

आपले तीन प्रश्न काय सांगतात? संघाची गरज मोठ्या भागीदारीची होती. म्हणजे पहिले उत्तर पंतच्या विरुद्ध. सीमारेषेवर पाठीमागे माणसे मुद्दाम ठेवली होती. दुसरेही उत्तर विरुद्ध. तिसरे मात्र त्याच्या बाजूने जाते, कारण हा फटका त्याने घोटवलेला आहे आणि त्यावर पुष्कळ धावाही मिळवल्या आहेत. तीनपैकी दोन उत्तरे विरुद्ध गेली, म्हणून तो फटका चुकीचा. पुढे नितीशकुमार रेड्डी याने ११४ आणि वॉशिंग्टन सुंदर याने ५० धावा करून, आठव्या गड्यासाठी १२७ धावांची भागी रचून दाखवली, की त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांपुढे दिवसभर उभे राहता येत होते.

त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवशी तोच पंत निराळा दिसला. भारतापुढे ३४० धावांचे लक्ष्य होते, तीन गडी लवकर गेले होते, आणि यशस्वी जयस्वालच्या साथीने त्याने उपाहारापासून चहापानापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. चहापानाला भारत ३ बाद ११२. चहापानानंतर ट्रॅव्हिस हेड ह्या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाने आखूड चेंडू टाकला. पंतने तो जोराने मारला आणि चेंडू लाँग-ऑनला उभ्या असलेल्या मिचेल मार्शच्या हातात गेला. त्याने १०४ चेंडूंत ३० धावा केल्या होत्या. त्यानंतर रांगच लागली; शेवटचे सात गडी ३४ धावांत गेले आणि १५५ धावांवर डाव संपला. ऑस्ट्रेलियाने सामना १८४ धावांनी जिंकला.

येथे निवाडा देताना आपण अधिक सावध असावे. चेंडू वाईट होता आणि वाईट चेंडूला मार द्यावाच लागतो. नाहीतर गोलंदाजाचे धैर्य वाढते. तो जमिनीलगत मारायला हवा होता, एवढेच म्हणता येईल. एका चेंडूच्या चुकीसाठी आधीच्या शंभर चेंडूंचा संयम विसरणे हा अन्याय आहे. शिवाय, त्याच्या आधी अनुभवी फलंदाज धावफलकावर फारसे काही न लावता परतले होते, आणि त्याच्या नंतरचे कित्येक चांगल्या गोलंदाजीला बळी पडले. एका फटक्याने कसोटी सामना हरत नाही. दिल्लीलाही पाटील आणि कपिल परतल्यावर आणखी चार फलंदाज यायचे होते. उभे तेही राहिले नाहीत.

शाळेत गणिताच्या वह्या तपासताना आम्हां शिक्षकांना एक प्रकार नेहमी आढळतो. एखाद्या मुलाचे उत्तर बरोबर असते, पण रीत चुकलेली असते. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढलेले असते. दुसऱ्याची रीत अचूक असते, पण शेवटच्या पायरीला बेरीज चुकते. जो शिक्षक केवळ उत्तर पाहून गुण देतो, तो पहिल्याला बिघडवतो आणि दुसऱ्याला खचवतो. क्रिकेटचे आपण बहुतेक प्रेक्षक अशा शिक्षकासारखे आहोत. ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये ह्याच पंतने नाबाद ८९ धावा करून भारताला ३२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले, तेव्हा त्याच्या प्रत्येक उंच फटक्यावर आपण टाळ्या वाजवल्या. त्यांपैकी कोणते फटके रीतीचे होते आणि कोणते नुसते बसून गेले, हे आपण त्या दिवशी तपासले नाही. मग पराभवाच्या दिवशी तपासणीचा हक्क आपल्याला किती उरतो? आणि उलट बाजूही आहे. जून २०२५ मध्ये लीड्सला त्याने एकाच कसोटीत १३४ आणि ११८ अशी दोन शतके काढली, तरी भारत पाच गड्यांनी हरला. संयमाच्या बाबतीतही हेच. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली, आणि भारत डावाने हरला. उत्तम रीत विजयाची हमी देत नाही. ती फक्त पराभवानंतर मान वर ठेवू देते.

आपल्या प्रदेशापुरते बोलावयाचे तर आमच्या पाठीशी दोन परंपरा उभ्या आहेत. एक इंदूरच्या होळकर संघाची. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली हे त्या संघाचे तारे. नायडूंनी १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध १५३ धावा काढताना अकरा षटकार मारले. मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले, आणि ते वेगवान गोलंदाजाला पुढे सरसावून खेळत. दुसरी परंपरा मुंबईची. आपला बळी फुकट द्यायचा नाही, प्रतिपक्षाला थकवायचे, ह्या चिवटपणाला तेथे ‘खडूस’ हा शब्द गौरवाने वापरतात.

मध्य प्रदेशाच्या संघाला ह्या दोन्हींचा धडा एकाच मैदानावर मिळाला. १९९८-९९ च्या हंगामातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, बंगळूरला, मध्य प्रदेशाने कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळवली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच होता. परंतु २४७ धावांचे लक्ष्य समोर असता दुसरा डाव १५० धावांत कोसळला. विजय भारद्वाज यांनी सहा गडी टिपले. त्या संघाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तेच पंडित प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचा संघ घेऊन उतरले, आणि समोर होती मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे यांनी १३३, शुभम शर्मा यांनी ११६ आणि रजत पाटीदार यांनी १२२ धावा केल्या. पहिल्या दोघांनी दार लावून घेतले, पाटीदारांनी योग्य वेळी ते उघडले. संघाने ५३६ धावा केल्या आणि सहा गडी राखून प्रथमच रणजी करंडक जिंकला. एकाच डावात दोन्ही कामे वाटून घेतलेली होती.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा : चुकीचा फटका मारणाऱ्याचे करायचे काय? दिल्लीच्या पराभवानंतर निवड समितीने कपिल देव आणि संदीप पाटील ह्या दोघांनाही कलकत्त्याच्या कसोटीतून वगळले. पाटील यांच्या जागी आलेल्या महंमद अझरुद्दीन यांनी पहिल्याच कसोटीत ११० धावा केल्या, आणि पुढच्या दोन कसोट्यांतही शतके काढली. त्यामुळे वगळण्याचा निर्णय अनेकांना योग्य वाटू लागला. परंतु कलकत्त्याचा सामना कंटाळवाणा होऊन अनिर्णित राहिला, मद्रासला भारत हरला, आणि इंग्लंडने मालिका २-१ अशी जिंकली. शिक्षेने संघ सुधारला असे काही दिसले नाही. कपिल देव मद्रासला परत आले. १३१ कसोट्यांच्या त्यांच्या कारकिर्दीत हुकलेला तो एकमेव सामना. संदीप पाटील मात्र पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते.

हे तेच पाटील, ज्यांना जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला लेन पॅस्कोचा चेंडू डोक्यावर लागला होता, आणि ज्यांनी लगेच पुढच्या कसोटीत ॲडलेडला १७४ धावा काढून भारताला सावरले होते. १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात त्यांनी सहा चौकार मारले, तेव्हाही भारत अडचणीतच होता. अडचणीत हल्ला करणे हाच त्यांचा बचाव होता, आणि दिल्लीच्या आधी त्याबद्दल त्यांचे कौतुकच झाले होते. एकाच चुकीसाठी एकाला एका सामन्याची शिक्षा आणि दुसऱ्याला जन्माची, हा हिशेब मला कधी पटला नाही. निर्णय कोणाचा होता यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला; त्यात आज शिरण्याचे कारण नाही. हेच पाटील पुढे २०१२ ते २०१६ ह्या काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले, एवढे मात्र सांगावेसे वाटते.

शिक्षा आणि शिकवण ह्यांत अंतर आहे. ज्या मुलाला पाढा चुकला म्हणून वर्गाबाहेर काढले, त्याला पाढा येत नाही. त्याला फक्त वर्गाची भीती येते. तरुण फलंदाजाला भीतीने शिकवले तर तो फटका सोडून देतो, आणि त्याबरोबर ज्या गुणासाठी त्याला निवडले होते तो गुणही सोडून देतो. त्याला शिकवायचे ते इतकेच : हा फटका तुझा आहे, तो टाकून देऊ नकोस, पण तो केव्हा काढायचा हे गरज, क्षेत्ररचना आणि तुझी तयारी पाहून ठरव. आणि हे शिकवण्याची वेळ पराभवानंतरची नसून विजयानंतरची आहे. जिंकलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जो प्रशिक्षक म्हणतो, “कालचा तुझा तिसरा षटकार चुकीचा होता, बसला म्हणून वाचलास,” त्याचे बोलणे शिष्य मनावर घेतो. हरल्यावर तेच बोलणे नुसते बोचते.

आपला संघ पुन्हा केव्हातरी हरेल. खेळ म्हटला की ते ठरलेलेच आहे. त्या दिवशी आपल्या कट्ट्यावर न्यायालय भरेल तेव्हा आरोपीला तीन प्रश्न विचारून मगच निकाल द्यावा, आणि आपल्या वाड्यातल्या, शाळेतल्या मुलांच्या खेळाबाबतही हाच नियम पाळावा, एवढी माझी विनंती आहे. त्या मुलांपैकी कोणी उंच फटका मारून बाद झाला, तर त्याला घरी येऊ द्यावे, पाणी प्यावयास द्यावे, आणि मग विचारावे : “बाळ, त्या वेळी लाँग-ऑनला कोणी उभे होते काय?”